व्यावसायिक संपर्काच्या अ‍ॅपवर मार्गदर्शनाची सोय कशी रचावी?

ऐरोलीकर

नमस्कार. ठाणे-बेलापूर पट्ट्यातील अभियंते, तंत्रज्ञ आणि लघुउद्योजक यांच्यासाठी चालणाऱ्या एका व्यावसायिक संपर्काच्या अ‍ॅपवर मी प्रॉडक्ट डिझायनर म्हणून काम करते. आमचे बहुतेक सभासद वागळे इस्टेट, रबाळे, महापे, तुर्भे आणि तळोजा या भागांत काम करतात. आयटीआय करून नुकताच कामाला लागलेला फिटर त्यांत आहे, तशाच ऐरोलीच्या आयटी पार्कमध्ये निम्मी कारकीर्द घालवलेल्या प्रकल्प व्यवस्थापकही आहेत. ज्येष्ठांनी नवख्यांना मार्गदर्शन करावे यासाठी अ‍ॅपमध्ये स्वतंत्र सोय उभी करण्याचे काम माझ्याकडे आले असून त्याबाबत येथील जाणकारांचे मत हवे आहे.

सध्याची व्यवस्था अगदी साधी आहे. प्रोफाइलमध्ये ‘मी मार्गदर्शन करण्यास तयार आहे’ अशी एक चौकट आहे. ती निवडलेल्या सभासदांची यादी सर्वांना दिसते आणि कोणीही त्यांतील कोणालाही संदेश पाठवू शकतो. मोठ्या कंपनीत वरच्या पदावर असलेल्या मोजक्या सभासदांकडे संदेशांचा ढीग साचतो आणि ते उत्तर देणेच सोडून देतात. त्याच वेळी, मनापासून तयारी दाखवलेल्या इतरांकडे कोणी फिरकत नाही. उत्तर न मिळालेला नवखा बहुधा पुन्हा कोणालाच विचारत नाही, आणि मला याचेच अधिक वाईट वाटते, कारण तो पहिला संदेश त्याने किती संकोचाने लिहिला असेल हे त्याच्या भाषेवरूनच कळते.

कार्यालयात जो प्रस्ताव पुढे आला आहे त्यानुसार, शिक्षण, कौशल्ये आणि अनुभव ताडून अ‍ॅपनेच जोड्या लावाव्यात, मार्गदर्शकांना पाचपैकी तारे द्यावेत आणि महिन्याला किती जोड्या जुळल्या यावर सोयीचे यश मोजावे. मला तिन्ही बाबतींत शंका आहे, परंतु त्याऐवजी काय करावे हे नीट मांडता येत नाही. जोडी अ‍ॅपने लावावी की माणसांनी निवडावी? विनंतीत नेमके काय विचारून घ्यावे? आणि हे नाते किती काळाचे धरावे?

वागळे इस्टेट

जोडी लावण्याचा प्रश्न महत्त्वाचा असला तरी त्याआधी विनंतीचा विचार करावा, असे मी सुचवेन. मी एका इंजिनिअरिंग कारखान्यात उत्पादन विभाग सांभाळतो आणि डिप्लोमा झालेली मुले माझ्याकडे सल्ल्यासाठी येत असतात, त्यामुळे हे मत मार्गदर्शकाच्या बाजूचे आहे असे समजावे.

‘सर, मला आपले मार्गदर्शन हवे आहे, कृपया मदत करावी’ असा संदेश आला की त्याला काय उत्तर द्यावे हे चांगल्या मनाच्या माणसालाही कळत नाही. हो म्हटले तर आपण किती वेळासाठी बांधले गेलो याचा अंदाज येत नाही आणि नाही म्हणणे जिवावर येते, म्हणून तो संदेश तसाच पडून राहतो. आता हा दुसरा संदेश पाहावा: ‘मी रबाळे येथील रसायनांच्या कारखान्यात तीन वर्षे यांत्रिक देखभालीत आहे. आमच्याकडे इन्स्ट्रुमेंटेशनमध्ये (मोजमाप आणि नियंत्रणाची उपकरणे सांभाळणाऱ्या विभागात) जागा निघणार आहे. त्यासाठी आधी पीएलसीचा (यंत्रांच्या स्वयंचलित नियंत्रकाचा) कोर्स करावा, की आहे त्या विभागात राहून कंट्रोल व्हॉल्व्ह आणि ट्रान्समीटरची कामे मागून घ्यावीत, हे ठरत नाही. कोर्सची चौकशी केली आहे. फी माझ्या दोन महिन्यांच्या पगाराएवढी आहे.’ याला मी चहाच्या सुट्टीतही उत्तर लिहू शकतो, आणि लिहिता लिहिता त्याच्याकडे कोणत्या कंपनीचे ट्रान्समीटर आहेत, कॅलिब्रेशन कोण करते, हेही विचारावेसे वाटते. हे दोन्ही संदेश एकाच मुलाचे असू शकतात. कोरी चौकट समोर आली की तो पहिला संदेश लिहितो आणि नेमके प्रश्न विचारले की दुसरा लिहितो.

म्हणून विनंतीच्या अर्जात तीन प्रश्न असावेत: आपण सध्या कोणते काम करता, कोणत्या निर्णयापाशी अडला आहात, आणि त्याबाबत आतापर्यंत काय करून पाहिले आहे. प्रत्येक प्रश्नाखाली आपल्याच पट्ट्यातील कामाचा एक नमुना द्यावा, कारण काय लिहायचे हे माणूस नमुना पाहूनच ठरवतो. त्यानंतर मदतीचा आकार विचारावा. लेखी प्रश्नाचे लेखी उत्तर हवे आहे, अर्ध्या तासाचे एक बोलणे हवे आहे, बायोडेटा किंवा ड्रॉइंग यांसारखी एखादी गोष्ट तपासून हवी आहे, की काही महिने नियमित भेटायचे आहे? माझ्या मते अनोळखी माणसाकडे पहिल्याच वेळी शेवटचा पर्याय मागण्याची मुभा ठेवू नये. एक छोटी मदत पार पडल्यावर दोघांनीही ‘पुढे चालू ठेवू’ असे स्वतंत्रपणे सांगितले, तरच तीन महिन्यांचा टप्पा उघडावा.

यामागे अनुभवाइतकाच अभ्यासाचाही आधार आहे. कॅथी क्रॅम यांनी १९८० च्या दशकात अशा नात्यांचा बारकाईने अभ्यास केला आणि त्यांतून मिळणारी मदत दोन प्रकारची असते असे मांडले. पहिली कारकिर्दीची: ओळख करून देणे, शिकवणे, आव्हानात्मक काम मिळवून देणे. दुसरी मनाला बळ देणारी: स्वीकार, आदर्श, मैत्री, मोकळेपणाने बोलण्याची जागा. पहिलीची व्यवस्था अ‍ॅपला लावता येईल, परंतु दुसरी ओळख मुरल्यावरच येते. बेल रोझ रॅगिन्स आणि जॉन कॉटन यांनी १९९९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, कार्यक्रमातून लावून दिलेल्या जोड्यांपेक्षा आपसूक जुळलेल्या नात्यांतील नवख्यांना अधिक लाभ झाल्याचे आढळले होते. तेव्हा अ‍ॅपने पहिली गाठ नीट घालून द्यावी आणि पुढचे नाते जुळायला जागा सोडावी.

राहिला संदेशांच्या ढिगाचा प्रश्न. मार्गदर्शकाने तयारी दाखवतानाच ‘एका वेळी किती जण’ हे विचारून घ्यावे आणि तेवढ्या विनंत्या हाती असताना त्याचे नाव यादीतून आपोआप मागे घ्यावे, म्हणजे लोकांची नजर पुढच्या नावाकडे जाते. नकार सोपा करावा: ‘सध्या वेळ नाही’, ‘हा माझा विषय नाही’, ‘अमुक व्यक्तीला विचारून पाहावे’ अशी तयार उत्तरे एका बोटावर असावीत. आठवडाभरात काहीच झाले नाही तर विनंती आपोआप सुटावी आणि नवख्याला ‘ही विनंती वेळेत पाहिली गेली नाही, पुढे कोणाकडे पाठवू?’ असे विचारून दुसरी नावे दाखवावीत. उत्तर न येणे हा त्या मुलाला नकार वाटता कामा नये, हे आपण लिहिलेच आहे.

कोपरखैरणे

मी शिफारस करणाऱ्या प्रणालींवर काम करतो, म्हणून जोडीबद्दल लिहितो.

शिक्षण आणि कौशल्ये ताडून जोडी लावणे तंत्रदृष्ट्या सोपे आहे, पण त्यातून सापडतो तो आपल्यासारखाच माणूस. प्रोफाइल भूतकाळ सांगते. नवख्याला विचारायचे असते ते पुढच्या वळणाबद्दल. त्यामुळे मार्गदर्शकाची नोंद करताना त्याच्या कौशल्यांपेक्षा त्याने स्वतः घेतलेली वळणे विचारावीत. देखभालीतून इन्स्ट्रुमेंटेशनकडे, शॉप फ्लोअरवरून क्वालिटीकडे, टेस्टिंगमधून डेव्हलपमेंटकडे, नोकरी सोडून स्वतःच्या वर्कशॉपकडे, आखाती देशांतून परत येऊन येथील नोकरीकडे, बाळंतपणानंतरच्या खंडातून पुन्हा कामाकडे. वर दिलेल्या रबाळेच्या मुलाला सर्वांत उपयोगी पडेल तो, हेच वळण चार-पाच वर्षांपूर्वी घेतलेला माणूस. तो मोठ्या पदावर असण्याची गरजही नाही. यामुळे मोजक्या नावांवरची गर्दी आपोआप पांगते, कारण वळणे घेतलेली माणसे मोठ्या पदांवरील माणसांपेक्षा कितीतरी जास्त असतात.

फार जवळचा माणूस सुचवू नये, यालाही आधार आहे. नोकरीची बातमी अनेकदा निकटच्या मित्रांपेक्षा जुजबी ओळखीच्या लोकांकडून मिळते, हे समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ साली मांडले. लिंक्डइनच्या सुमारे दोन कोटी वापरकर्त्यांवर पाच वर्षे चाललेल्या प्रयोगांचे निष्कर्ष २०२२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आले, आणि त्यांत मध्यम प्रमाणात सैल असलेल्या ओळखी नोकरीबदलाला सर्वाधिक उपयोगी पडतात असे दिसले. तो अभ्यास नोकरीबदलाचा होता, मार्गदर्शनाचा नव्हे, एवढे ध्यानात ठेवून माझा सल्ला असा की त्याच कंपनीतील किंवा आधीच भरपूर सामाईक ओळखी असलेला मार्गदर्शक वरच्या क्रमांकावर आणू नये.

‘अ‍ॅपने जोडी लावावी’ म्हणणारे सहकारी कदाचित गेल आणि शॅप्ली या गणितज्ञांच्या जोड्या लावण्याच्या पद्धतीचा दाखला देतील. १९६२ च्या या पद्धतीत एका बाजूचे लोक आपल्या पसंतीक्रमाने प्रस्ताव ठेवतात, दुसऱ्या बाजूचे लोक हाती आलेल्यांतील सर्वोत्तम प्रस्ताव तात्पुरते धरून ठेवतात आणि त्याहून चांगला प्रस्ताव आला की आधीचा सोडतात. शेवटी अशी रचना होते की कोणतीही दोन माणसे आपापल्या जोड्या सोडून एकमेकांकडे जाऊ इच्छित नाहीत. शॅप्ली आणि अ‍ॅल्विन रॉथ यांना याच क्षेत्रातील कामासाठी २०१२ चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. एका मार्गदर्शकाकडे दोन-तीन जागा असल्या तरीही ही पद्धत चालते. यात प्रस्ताव ठेवणाऱ्या बाजूला स्थिर जोड्यांतील सर्वांत चांगली जोडी मिळते, तेव्हा वापरायचीच झाली तर प्रस्ताव नवख्यांनी ठेवावेत.

तरीही तुमच्या अ‍ॅपला ती मला योग्य वाटत नाही. तिला दोन्ही बाजूंचे पसंतीक्रम लागतात आणि सगळे एकाच वेळी लागतात. अकरावीच्या केंद्रीय प्रवेशात ते शक्य होते, कारण सगळे विद्यार्थी एकाच हंगामात अर्ज भरतात आणि महाविद्यालयाला क्रम लावण्यासाठी गुण हाती असतात. मार्गदर्शकाने मात्र मदत मागणाऱ्या माणसांना पहिला, दुसरा, तिसरा असे क्रम द्यावेत, ही कल्पनाच अनेकांना रुचणार नाही. एखाद्या पॉलिटेक्निकच्या शेवटच्या वर्षासाठी वर्षातून एकदा उपक्रम चालवायचा असेल तर ही पद्धत जरूर घ्यावी. रोजच्या वापरात अ‍ॅपने विनंती वाचून तीन ते पाच नावे सुचवावीत, प्रत्येक नावाखाली ‘यांनी हेच वळण घेतले आहे’ असे कारण लिहावे, आणि निवड नवख्याने करावी.

बेलापूर

मी मनुष्यबळ विभागात काम करते. वरील दोन्ही उत्तरे पटली, परंतु त्यांत एका धोक्याचा उल्लेख नाही, आणि तो मला सर्वांत गंभीर वाटतो: विनंती कोणाला दिसेल?

‘विभाग बदलावा की कंपनी सोडावी’ हा प्रश्न लिहिणाऱ्या माणसाचा साहेबही याच अ‍ॅपवर असू शकतो. आपल्या पट्ट्यात एका क्षेत्रातील माणसे एकमेकांना चांगली ओळखतात. म्हणून ‘माझ्या सध्याच्या कंपनीतील कोणालाही ही विनंती दिसू नये’ ही अट आपोआप लागू असावी आणि ती काढायची असेल तर माणसाने जाणीवपूर्वक काढावी. त्याच समूहातील दुसऱ्या कंपन्या आणि जुने वरिष्ठ वगळण्याची सोयही लागेल. प्रोफाइलवर ‘मार्गदर्शन शोधत आहे’ असा बिल्ला तर मुळीच लावू नये. वाचणारा त्याचा अर्थ ‘नोकरी शोधत आहे’ असाच घेतो. मार्गदर्शक स्वीकार करेपर्यंत त्याला केवळ काम आणि प्रश्न दिसावा, नाव नंतर दिसावे. उलट बाजूने, स्पर्धक कंपनीतील मार्गदर्शकाशी बोलताना प्रक्रिया, दर, ग्राहकांची नावे बोलू नयेत, ही सूचना दोघांनाही पहिल्या बोलण्याआधी दिसली पाहिजे.

डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ नुसार संमती विशिष्ट हेतूसाठी घ्यावी लागते आणि ती मागे घेणे देण्याइतकेच सोपे असावे लागते. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. नोकरीच्या जाहिराती दाखवण्यासाठी विनंतीतील मजकूर वापरायचा असेल तर त्याची संमती वेगळी घ्यावी. माझे मत विचाराल तर वापरूच नये. आपल्याकडे आयटीआयचे विद्यार्थी येतात हेही लक्षात घ्यावे. आयटीआयला चौदा वर्षे पूर्ण झाल्यावर प्रवेश मिळतो आणि या कायद्यात अठरा वर्षांखालील व्यक्ती बालक आहे, तिच्या माहितीसाठी पालकांची पडताळणीयोग्य संमती लागते. दिल्ली सरकारच्या ‘देश के मेंटर’ या शालेय उपक्रमावर राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाने मार्गदर्शकांची पडताळणी पुरेशी नाही असा आक्षेप घेऊन, त्रुटी दूर होईपर्यंत तो थांबवण्याची शिफारस केली होती. त्यामुळे सुरुवातीला ही सोय अठरा वर्षांवरील सभासदांपुरतीच ठेवावी.

स्त्री सभासदांच्या दृष्टीने: फोन नंबर न देता अ‍ॅपमधूनच बोलता आले पाहिजे, आणि संवाद कोणतेही कारण न देता थांबवता आला पाहिजे. दोघांच्या कंपन्या वेगळ्या असल्यामुळे लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी असलेल्या कंपनीच्या अंतर्गत समितीवर सगळे सोपवून चालणार नाही, आपली तक्रार यंत्रणा आपणच उभी करायला हवी. माहिती तंत्रज्ञान नियम, २०२१ नुसार अशा व्यासपीठाला तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो आणि तक्रारीची पोच २४ तासांत द्यावी लागते. या अधिकाऱ्याचे नाव तळटिपेत कोठेतरी न ठेवता प्रत्येक संवादाच्या वरच्या कोपऱ्यात ठेवावे.

दिघा

मी आयटीआय करून तुर्भे येथील एका कारखान्यात ऑपरेटर आहे. आमच्यासारख्यांच्या बाजूने दोन गोष्टी सांगतो. आमच्या प्लांटमध्ये मोबाइल गेटवर जमा करावा लागतो आणि पाळी दर आठवड्याला बदलते, म्हणून वेळ ठरवताना ‘सकाळ, दुपार, संध्याकाळ’ न विचारता ‘या आठवड्यात कोणती पाळी’ असे विचारावे. रात्रपाळी असलेल्या माणसाला सकाळी अकराचे बोलणे देऊ नये. दुसरे, मराठीत लिहिण्याची आणि बोलून प्रश्न पाठवण्याची सोय असावी. मला माझा प्रश्न दोन मिनिटांत नीट सांगता येतो, पण इंग्रजीत टाइप करायचा म्हटले की मी तो पाठवतच नाही.

ऐरोलीकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. वळणांवरून जोडी लावण्याची कल्पना आणि सध्याच्या कंपनीला विनंती न दिसण्याची अट मी कार्यालयात तातडीने मांडणार आहे. पाळीचा मुद्दा आमच्या चर्चेत एकदाही आला नव्हता. आता तारे आणि मोजमाप याबद्दल विचारते. वरिष्ठांना आकडा हवा आहे आणि तो मागणे गैर नाही. ‘जुळलेल्या जोड्या’ हा आकडा नको, तर कोणता द्यावा? आणि तीन महिने झाल्यावर काय करावे?

वागळे इस्टेट

तारे नकोत, हे आग्रहाने सांगतो. मार्गदर्शक विनामूल्य वेळ देतो. त्याला जाहीर गुण मिळू लागले की तो आधीच हुशार, बोलक्या मुलांनाच हो म्हणू लागेल, आणि ज्याला प्रश्नही धड मांडता येत नाही असा मुलगा पुन्हा मागे राहील. नवखाही ज्येष्ठाला कमी तारे देण्यास धजणार नाही, त्यामुळे त्या आकड्याला अर्थ राहणार नाही. त्याऐवजी बोलणे झाल्यावर दोघांना स्वतंत्रपणे, खासगीत दोनच प्रश्न विचारावेत: ज्या निर्णयासाठी बोललात तो पुढे सरकला का, आणि या व्यक्तीशी पुन्हा बोलाल का. गैरवर्तनाची तक्रार यापासून पूर्णपणे वेगळी ठेवावी.

वरिष्ठांना देण्याजोगे आकडे माझ्या मते हे: किती विनंत्यांना आठवड्याच्या आत उत्तर मिळाले, मग ते नकाराचे का असेना, पहिल्या बोलण्यानंतर किती जोड्यांनी दुसरे बोलणे ठरवले, आणि आज मदत घेतलेल्यांपैकी किती जण पुढे स्वतः मार्गदर्शक म्हणून नाव नोंदवतात. तिसरा आकडा हाती यायला काही वर्षे लागतील, परंतु त्याची नोंद पहिल्या दिवसापासून ठेवावी.

शेवटाबद्दल. क्रॅम यांच्या मांडणीत या नात्याचे चार टप्पे आहेत: सुरुवात, बहर, दुरावणे आणि नव्या स्वरूपात पुन्हा जुळणे. त्यात दुरावणे हा ठरलेलाच टप्पा आहे, परंतु आपल्याकडे ज्येष्ठांना ‘आता पुरे’ असे म्हणणे उद्धटपणाचे वाटते, म्हणून हे काम अ‍ॅपनेच अंगावर घ्यावे. तीन महिने झाल्यावर दोघांनाही सूचना जावी की ठरलेला टप्पा पूर्ण झाला आहे. सुरुवातीच्या तीन प्रश्नांना नवख्याने लिहिलेली उत्तरे तेथे पुन्हा दाखवावीत आणि ‘आता काय बदलले’ हे दोन ओळींत लिहून घ्यावे. ती नोंद मार्गदर्शकाला पाठवावी. आपल्या वेळेचे काय झाले हे त्याला सहसा कधी कळतच नाही. पुढे चालू ठेवायचे असेल तर दोघांनी नव्याने होकार द्यावा. कोणीच काही केले नाही तर संवाद बंद व्हावा आणि मार्गदर्शकाची जागा दुसऱ्यासाठी मोकळी व्हावी.

कोपरखैरणे

याला एकच जोड. सगळी वळणे एकदम उघडू नयेत. सुरुवातीला मार्गदर्शक थोडे असतात आणि विषय जास्त ठेवले की प्रत्येक विषयात यादी रिकामी दिसते. देखभालीतून इन्स्ट्रुमेंटेशनकडे आणि नोकरीतून स्वतःच्या वर्कशॉपकडे, अशी दोनच वळणे घ्यावीत, त्यांसाठी मार्गदर्शक स्वतः फोन करून मिळवावेत, आणि पहिले काही महिने नावे सुचवण्याचे काम अ‍ॅपऐवजी तुमच्यापैकी कोणीतरी विनंत्या वाचून हातानेच करावे. कोणती विनंती कोणाकडे गेल्यावर दुसरे बोलणे ठरते, हे त्यातून दिसू लागेल, आणि शिफारशीचा नियम तेव्हा लिहावा.